ळची रिकामी जागा

आमच्या घरात ‘ळ’ हाताने लिहिला जायचा.

वडील रेल्वेत गार्ड होते, मुक्काम झाशी. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी एका कचेरीच्या लिलावातून टंकयंत्र आणलं. हिंदीचं, पेटीत बसणारं, कडीला धरून उचलता येणारं. यंत्र उत्तम चालायचं. फक्त त्यावर ळ नव्हता. इकडच्या हिंदीला तो लागत नाही. आणि गार्डाने मराठीत पत्र लिहायला घेतलं की पहिल्या चार ओळींत वेळ येते, रूळ येतात. पत्र जायचं भुसावळला, काकांकडे, म्हणजे पत्त्यातही ळ आलाच. वडील त्या जागी एक घर मोकळं सोडून पुढे जायचे. कागद यंत्रातून सुटला की माझ्यासमोर यायचा. निळ्या शाईच्या पेनने मोकळ्या जागा भरायच्या, हे माझं काम. काळ्या अक्षरांत निळे ळ अशी ती पत्रं होती. काकांनी एकदा उत्तरात लिहिलं होतं, “चिरंजीवांच्या ळला आता चांगलं वळण आलं आहे.” ते वाक्य मला अजून पाठ आहे.

आता मी सत्तरीकडे आलो. झाशीच्या वाघिणींच्या कारखान्यातून निवृत्त झालो, त्यालाही काही वर्षं झाली. घरात पाच जुने संगणक आहेत, सगळे हाताने उचलून नेता येतील असे. सर्वांत जुना १९८३ सालच्या मॉडेलचा. एकही काचेच्या कपाटात नाही. हा मजकूर मी त्यांतल्याच एकावर लिहितो आहे. खिशात फोन असताना हे कशाला, असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. मी त्याला बसवून घेतो, कारण या प्रश्नाचं उत्तर झाशी शहरापासून सुरू करावं लागतं.

झाशीत मराठी माणूस दोनदा आला. पहिल्यांदा पेशव्यांच्या फौजेबरोबर. १७४२ साली नारोशंकर इथला सुभेदार झाला, त्याने किल्ला वाढवला, तो भाग अजून शंकरगड म्हणून ओळखला जातो. त्याच्यामागून भिक्षुक आले, कारकून आले, सावकार आले. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. इथल्या हिंदी पाट्यांवर ‘नेवालकर’ लिहितात. लहानपणी तो ल मला आमच्या टंकयंत्राचाच दोष वाटायचा. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचं लग्न लागलं, ते मंदिर शहरात आहे, आणि गणपतीच्या दिवसांत तिथे अजून मराठी आरती ऐकू येते.

गंगाधररावांना ग्रंथांचं वेड होतं. ते १८५३च्या नोव्हेंबरात गेले. सुमारे साडेचार वर्षांनी, १८५८च्या एप्रिलात इंग्रज फौज शहरात शिरली आणि तो ग्रंथसंग्रह नष्ट झाला. हे आपल्याला माहीत आहे ते पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी पाहिलेलं सगळं लिहून काढलं. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं, पण संपादकाचा हात फिरवून. भटजींच्या हातचा मजकूर जसाच्या तसा छापून आला तो थेट १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. म्हणजे राजाचा ग्रंथसंग्रह गेला आणि एका भिक्षुकाची वही राहिली. मधली अनेक वर्षं ती वही कुणीतरी जपली, कुणीतरी वाचू शकलं, म्हणून राहिली. आमच्या शहराच्या इतिहासातली ही गोष्ट मला लढाईइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसऱ्यांदा मराठी माणूस आला तो रुळांवरून. इंडियन मिडलँड रेल्वेने इथे जंक्शन उभारलं, १८९५ साली कारखाना काढला, १९०० साली हा सगळा पसारा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेला. १९५१ साली मध्य रेल्वे झाली तेव्हा झाशी विभाग तिच्यात आला आणि मुख्यालय मुंबईत, बोरीबंदरला. भुसावळ, सोलापूर, नागपूर, झाशी हे सगळे एकाच रेल्वेचे विभाग. बदलीचा कागद भुसावळहून निघायचा आणि झाशीला पोचायचा. माझे वडील तसेच आले. रेल्वे कॉलनीत आमच्या रांगेतल्या आठ घरांपैकी तीन मराठी होती. संक्रांतीला तिळगूळ वाटायला दुपार पुरत नसे. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग नव्या उत्तर मध्य रेल्वेत गेला, मुख्यालय अलाहाबादला. त्या दिवशी स्टेशनवर काही वेगळं घडलं नाही. पण त्यानंतर भुसावळहून बदलीचे कागद येणं थांबलं. जुनी माणसं एकेक करून गेली, मुलं पुण्याला आणि परदेशी. माझ्या ओळखीची मराठी घरं आता बोटांवर मोजावी लागतात, आणि त्यांच्या कपाटांत पत्रं आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत, आणि काही घरांत फ्लॉप्या आहेत.

फ्लॉपीपर्यंत यायच्या आधी गार्डाच्या पेटीबद्दल सांगायला हवं.

आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२पासून. वडिलांच्या काळी प्रत्येक गार्डाची स्वतःची काळी लोखंडी पेटी असायची, पांढऱ्या रंगाने नाव घातलेली. तिच्यात लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचं सामान, नियमांचं पुस्तक. गाडी सुटण्याआधी हमाल ती ब्रेकव्हॅनमध्ये चढवायचा आणि गाडी पोचली की उतरवायचा. माणूस जिथे जाईल तिथे त्याचं काम पेटीत बसून बरोबर जायचं. १९८१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑस्बर्न-१ हा संगणक लोकांपुढे आला. त्याचा फोटो मी पुढे एका मासिकात पाहिला तेव्हा मला वडिलांची पेटीच आठवली. वजन अकरा किलो, झाकण उघडलं की त्याचाच कळफलक, मध्ये पाच इंचांचा पडदा, दोन बाजूंना दोन फ्लॉपी. किंमत १७९५ डॉलर. खांद्याला रग लागेल असं हे ओझं, पण संगणक एका खोलीतून उठून दुसऱ्या गावाला जाऊ शकतो हे बाजारात त्यानेच सिद्ध केलं.

त्याचा कर्ता अ‍ॅडम ऑस्बर्न. तो बँकॉकमध्ये जन्मला, पण वाढला तिरुवण्णामलैला. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे अनुयायी होते. पोराची शाळा कोडाइकॅनॉलची. कंपनी १९८३च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. शेवटची आजारपणाची वर्षं काढायला ऑस्बर्न भारतातच परतला आणि २००३ साली कोडाइकॅनॉलला वारला. हलत्या संगणकाच्या इतिहासाचं एक टोक तमिळनाडूतल्या एका डोंगरगावात आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसरं टोक श्रीलंकेत. कोलंबोत राहणारे विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ‘२०१०’ या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसमधल्या दिग्दर्शकाशी पत्रव्यवहार केप्रो नावाच्या अशाच एका पत्र्याच्या पेटीवरून, टेलिफोनच्या तारेतून केला. साल १९८३.

त्याच साली बाजारात आलं ते यंत्र माझ्या टेबलावर आहे. टँडीचं मॉडेल हंड्रेड. बनवलं जपानच्या क्योसेराने, विकलं अमेरिकेतल्या रेडिओ शॅकच्या दुकानांनी. वजन दीड किलोच्या आत, आकार आमच्या शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा, पडदा आठ ओळींचा आणि ओळीत चाळीस अक्षरं. पेन्सिल-सेल चार लागतात आणि त्यांवर ते वीसेक तास चालतं. त्यातल्या प्रणालीचा काही भाग खुद्द बिल गेट्सने लिहिलेला आहे. त्या काळचे अमेरिकन वार्ताहर ते मांडीवर घेऊन बातमी लिहीत आणि टेलिफोनला जोडून कचेरीत पाठवत.

माझ्याकडे ते आलं १९९४ साली. काकांचा मुलगा, आमचा दादा, न्यू जर्सीहून पुण्याला आला होता. तिथून झेलम एक्स्प्रेसने झाशीला. त्याने बॅगेतून ते काढलं आणि म्हणाला, “माझं काम आता दुसऱ्यावर होतं. तू काहीतरी करशील याचं.” मी तेव्हा कारखान्यात होतो. बटण दाबल्याबरोबर पडद्यावर यादी आली. वाट पाहणं नाही, घरघर नाही. लिहिता लिहिता बंद केलं आणि पुन्हा लावलं, तर मजकूर तिथेच. कळांचा स्पर्श असा की वडिलांनी दोन बोटं ठेवली आणि मान हलवली. जन्मभर टंकयंत्रावर बोटं आपटलेल्या माणसाची ती पसंती होती.

त्याच्यावर देवनागरी नाही. मग मराठी कशी लिहायची? ही वाट अमेरिकेतल्या मराठी माणसाने आधीच पाडून ठेवली होती. अविनाश चोपडे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयट्रान्स नावाची पद्धत तयार केली: साध्या रोमन कळांनी मराठी-हिंदी-संस्कृत लिहा, नंतर संगणक त्याची देवनागरी करून देईल. लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. दादाने ती एका कागदावर उतरवून आणली होती. वडिलांनी तो कागद वाचला, मोठ्या एलवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

गेली तीस वर्षं मी या यंत्रावर लिहितो आहे, आणि ते चालतं ठेवणं म्हणजे काय हे लिहून ठेवायला हवं, कारण ही एक विद्या आहे.

मॉडेल हंड्रेडच्या आत, मुख्य पाटीवर, एक छोटा निकेल-कॅडमियमचा सेल असतो. पेन्सिल-सेल काढले तरी लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून. हा सेल म्हातारा झाला की फुटतो आणि त्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेघा खात जातो. जगभर ही यंत्रं मेली ती बहुतेक यानेच. माझ्या यंत्रावर ही वेळ माझ्या हलगर्जीपणाने आली. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही तीन महिने पुण्याला होतो. जाताना मी पेन्सिल-सेलसुद्धा काढले नव्हते. परतल्यावर झाकण उघडलं तर आत हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी कापसाच्या बोळ्याने पांढरा व्हिनेगर लावला. क्षार मारायला आम्लच लागतं; कारखान्यात बॅटरी-रूममध्ये आम्ही याच्या उलट, आम्ल मारायला सोडा वापरायचो. मग स्पिरिटने धुतलं, उन्हात नव्हे, सावलीत वाळवलं. दोन रेघा तुटलेल्या निघाल्या. माझी नजर तेवढी राहिलेली नव्हती. माणिक चौकाच्या बाजूला एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाटी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “बाबूजी, घड़ी तो नहीं है, पर नस कटी है, जोड़ देंगे.” केसासारखी तार घेऊन त्यांनी दोन टाके घातले. पैसे घेईनात. मी दिवाळीला त्यांच्याकडे चकल्या पोचवल्या, तेव्हापासून दर दिवाळीला पोचवतो. यंत्र सुरू झालं. आता दर तीन वर्षांनी मी तो सेल वाट न पाहता बदलतो आणि तारीख यंत्राच्या पोटावर चिकटवतो, जशी वाघिणीच्या अंगावर दुरुस्तीची तारीख घालतात.

दुसरा शत्रू झाशीचा मे महिना. पंचेचाळीस अंशांच्या पुढे पडदा काळवंडायला लागतो, बाजूची चकती फिरवून अक्षर पुन्हा उठवावं लागतं. पावसाळ्यात उलट, पडद्याच्या पातळ पापुद्र्यात बाष्प शिरतं. म्हणून डब्यात तांदळाची पुरचुंडी. एक दोष मात्र मी दुरुस्त केला नाही. या यंत्राच्या पोटात सालाचे पहिले दोन अंक कायमचे ‘१९’ कोरलेले आहेत. २०२५ घातलं की ते १९२५ दाखवतं. जगातल्या हौशी लोकांनी यावरही उपाय शोधले आहेत, वाढीव स्मृतीच्या नव्या पाट्या बनवल्या आहेत, जुनी रेखाचित्रं मिळवून वाटली आहेत. मला त्यांचा फार आधार वाटतो.

जुनं यंत्र कामात ठेवणं हा फक्त आमच्यासारख्यांचा छंद आहे असं कुणी समजू नये. मॅकलारेन ही इंग्लंडची मोटार कंपनी. तिने १९९०च्या दशकात एफ-१ नावाच्या जेमतेम १०६ गाड्या बनवल्या. त्या गाड्यांशी बोलण्यासाठी एक खास कार्ड लागायचं आणि ते चालायचं कॉम्पॅकच्या त्या काळच्या एका लॅपटॉपवरच. म्हणून कोट्यवधींच्या त्या गाड्यांची देखभाल करताना २०१६ सालीसुद्धा ती कंपनी जुने कॉम्पॅक शोधून, जपून वापरत होती. माझ्या कारखान्यातही एक जुनं मापनयंत्र होतं, त्याची तार ज्याला बसेल असा संगणक नव्या खरेदीत मिळत नव्हता. मी घरचा लॅपटॉप घेऊन गेलो आणि काम झालं.

तो लॅपटॉप तोशिबाचा, १९९०च्या दशकाच्या मधला. त्याला फ्लॉपीची खाच आहे, जुन्या पद्धतीची सिरियल तार बसते, डॉस चालतं. त्याची हार्ड डिस्क केव्हाच गेली. तिच्या जागी मी कॅमेऱ्यात घालायचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका जोडपट्टीवर बसवलं आहे. खडखड करणारं काही उरलं नाही, आणि वीजही कमी लागते. मॉडेल हंड्रेडवरचा मजकूर तारेने याच्यात येतो आणि याच्यातून आजच्या संगणकात जातो. याला मी घरातलं बीना जंक्शन म्हणतो, कारण सगळ्या गाड्या इथे बदलतात. फ्लॉप्यांचं काम याच्यावरच झालं.

त्या फ्लॉप्यांची गोष्ट कानपूरला सुरू होते. झाशीहून दोन-सव्वादोनशे किलोमीटर. तिथल्या आयआयटीत प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी देवनागरी लिहिणारा संगणक तयार केला आणि १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो दाखवला. त्या चमूतले मोहन तांबे पुढे पुण्याला सीडॅक या संगणक-संस्थेत गेले. सीडॅक स्थापन झालं १९८८ साली, आणि तिथून जिस्ट नावाचं एक कार्ड निघालं. साध्या संगणकाच्या आत ते बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची, आणि कळ दाबून तोच मजकूर दुसऱ्या लिपीतही पाहता यायचा.

यामागचा विचार मला आजही थोर वाटतो. भारतातल्या लिप्या दिसायला वेगळ्या, पण वर्णमाला एक. मग प्रत्येक वर्णाला एकच क्रमांक द्यायचा, लिपी कुठलीही असो. क म्हणजे १७९. ख १८०. हिंदीला लागत नाही म्हणून कुठलंच अक्षर गाळायचं नाही. ळला २१० क्रमांक मिळाला. ‘दुसऱ्या’मधल्या त्या आडव्या र साठी लागणारा ऱ, त्याला २०८. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हे मानक पक्कं केलं, इस्की नावाने. कळफलकही सगळ्या लिप्यांना एकच ठरला, इनस्क्रिप्ट. त्यावर ल जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबलं की ळ. आज तुमच्या फोनमधली देवनागरी ज्या युनिकोडवर चालते, तिची मांडणी याच इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. टंकयंत्र बनवणाऱ्याने कळा मोजून अक्षरं गाळली होती. कानपूर-पुण्याच्या माणसांनी वर्णमाला मोजून कळा बसवल्या.

वडील निवृत्त झाल्यावर सिपरी बाजारातल्या एका छापखान्यात दुपारी बसायला लागले. मालक ओळखीचे, आणि त्यांच्याकडे जिस्ट कार्डाचा संगणक होता. लग्नपत्रिकांचं काम नसेल तेव्हा वडिलांना तो मोकळा मिळे. तिथे त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. कोळशाच्या इंजिनांच्या काळातली झाशी–इटारसी लाइन, तालबेहटजवळ धुक्यात उभी राहिलेली मालगाडी, पंजाब मेलला वाट देण्यासाठी बाजूच्या रुळावर काढलेल्या रात्री. रोजचं लिहिणं ते फ्लॉपीवर घेऊन घरी आणत आणि ट्रंकेत ठेवत. २००१ साली वडील गेले. छापखाना बंद पडला, कार्ड कुठल्या भंगारात गेलं कळलं नाही. ट्रंकेत तेवीस फ्लॉप्या राहिल्या आणि त्या वाचेल असं यंत्र झाशीत उरलं नाही.

मी त्यांना हात लावला तो निवृत्तीनंतर. आधी धीरच होत नव्हता. दहा लगेच वाचल्या गेल्या. बाकीच्यांवर बुरशी. फ्लॉपीचं सरकतं झाकण बाजूला करून, आतली तबकडी बोटाने हळूहळू फिरवत, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. दोन्ही बाजू, मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाळवायची. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच घातली तर यंत्राचं डोकं घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. अशा रीतीने आणखी सात वाचल्या. सहा अजून बाकी आहेत, त्यांच्यावर मी घाई करत नाही.

फायली उघडल्या तर पडद्यावर नुसते चिन्हं लावलेले रोमन वर्ण आणि चौकटींचे तुकडे. कार्ड नाही, तर अक्षर कोण काढणार? पण क्रमांक शाबूत होते. १७९ दिसला की क, २१० दिसला की ळ, असा तक्ता करून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला दोन महिने लागले, कारण जोडाक्षरं आणि रफार यांची गणितं निराळी. एके संध्याकाळी पहिलं पान युनिकोडमध्ये आलं आणि फोनवर दिसलं. मी ते पुण्याला मुलीला पाठवलं. तिने फोन केला, पण आजोबांचं वाक्य वाचताना तिचा आवाज फुटला नाही. मीही इकडे तसाच बसलो होतो.

आता इतर घरांचंही काम करतो. पलीकडच्या गल्लीतल्या आत्याबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, पण कॉलनीत सगळे त्यांना आत्याच म्हणतात. त्यांच्यापुढे फोन धरला की त्या पदर सावरून गप्प होतात. मॉडेल हंड्रेड मांडीवर घेऊन मी खाटेच्या कडेला बसतो, तर त्या बोलत राहतात. त्यांना ते टंकयंत्र वाटतं, आणि लिहून घेणारा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. त्यांची मराठी बुंदेलीत भिजलेली. वीज गेली तर पंखा थांबतो, लिहिणं थांबत नाही. आठ ओळींच्या पडद्यावर मागचं फारसं दिसत नाही, म्हणून खोडाखोड कमी होते आणि ऐकणं जास्त.

वडिलांच्या सगळ्यांत जुन्या फ्लॉपीवरची पहिली फाइल मी तक्त्यातून काढली तेव्हा मजकुरात जागोजाग खिंडारं दिसली. ‘गाडीची वे झाली’, ‘रू ओले होते’. प्रथम मला वाटलं माझ्या प्रोग्रामची चूक आहे. मूळ क्रमांक तपासले. २१० कुठेच नव्हता. त्या प्रत्येक ठिकाणी ३२ होता, म्हणजे मोकळी जागा. चूक नव्हती. छापखान्यातल्या कळफलकावर ळ होता, पण तीस वर्षांची सवय बोटांत होती. वडील ळपाशी आले की एक घर सोडून पुढे जात होते. दुसऱ्या फाइलमध्येही तसंच. तिसऱ्या फाइलच्या मध्यावर, ललितपूरच्या एका रात्रीच्या वर्णनात, ‘अंधार काळा’ या शब्दांत पहिल्यांदा २१० आला. त्याच्या पुढे मग एकही जागा रिकामी नाही.

पहिल्या अडीच फायलींतल्या त्या जागा मी संगणकात भरल्या नाहीत. छापील प्रत काढली आहे आणि रोज संध्याकाळी दहा-बारा ळ निळ्या पेनने भरतो. आत्तापर्यंत तिसऱ्या पानाच्या तळाशी आलो आहे.